‘धर्म नाही’ असे लिहून द्या
(समलिंगी विवाहाचा वाद आणि आपले साहित्य)

मुस्लिम मराठी लेखकाला एक प्रश्न आयुष्यभर पुरतो. तुम्ही आधी मुस्लिम की आधी मराठी? उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवून मराठीत लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना तो दोन्ही बाजूंनी विचारला जातो. राळेगावात मधल्या सुट्टीत आम्ही मराठी दिवाळी अंक उघडून बसलो की एखादे सहकारी म्हणतात, “क्यों जनाब, उर्दू में जगह कम पड़ गई?” आणि तालुक्यातल्या एखाद्या कविसंमेलनाला गेलो की, “तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” अशी दाद मिळते. टोमण्यात आणि शाबासकीत मागणी मात्र एकच असते. दोहोंपैकी एक लिहून द्या, दुसरे खोडा.

अशीच मागणी आज आणखी काही माणसांकडे केली जात आहे. समलिंगी विवाहाच्या वादात एका बाजूला ‘धर्मस्वातंत्र्य’ आणि दुसऱ्या बाजूला ‘समता’ असे दोन फलक लागले आहेत. जो माणूस श्रद्धाळू आहे आणि समलिंगीही आहे, त्याने कोणत्या फलकाखाली उभे राहावे? एका गटाचे म्हणणे, श्रद्धा सोड. दुसऱ्या गटाचे म्हणणे, प्रेम सोड. प्रस्तुत लेखात आम्हांला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. धर्मस्वातंत्र्याचा फलक नेमका कोणाचा आहे, ही पहिली. या माणसाविषयी उर्दू आणि मराठी साहित्याने काय पाहिले आणि आपण मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांनी काय पाहायचे टाळले, ही दुसरी. विषय काही वाचकांना अप्रशस्त वाटेल याची जाणीव आम्हांला आहे. तरीही तो टाळण्यासारखा राहिलेला नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत आहे.

विषय आपल्या जिल्ह्याचा आहे

हे सारे पुण्या-मुंबईचे चोचले आहेत, असे म्हणण्याची सोय निदान यवतमाळ जिल्ह्याला नाही. २०१७ च्या डिसेंबरअखेर यवतमाळ शहरातील एका हॉटेलात दोन पुरुषांनी नातलग आणि मित्रांच्या साक्षीने आपला विवाह साजरा केला. पुढच्या महिन्यात वर्तमानपत्रांतून त्याची बातमी झाली. त्या वेळी भारतीय दंड विधानाचे ३७७ वे कलम अशा संबंधांना लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्द ठरवले. म्हणजे तो समारंभ झाला तेव्हा त्याला कायद्याची मान्यता तर नव्हतीच, उलट कायद्याची भीती होती.

पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, समलिंगी विवाहाची मागणी ही शहरी उच्चभ्रूंची मते आहेत. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हे मत सविस्तर खोडून काढले आहे. राळेगावाहून यवतमाळला जाणाऱ्या एस.टी.त बसलेल्या माणसाला त्यासाठी निकालपत्र वाचण्याचीही गरज नव्हती. त्याने ती बातमी पाच वर्षे आधीच, भजे बांधून आलेल्या कागदावर का होईना, वाचलेली होती.

दुसरे असे की, विवाहाच्या नोंदीला काय किंमत असते, हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. शेतकरी आत्महत्येचे प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर कुटुंबाला शासनाची मदत मिळते. ती मागायला येणाऱ्या बाईला आधी आपण मयताची पत्नी आहोत हे कागदाने दाखवावे लागते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, आणि उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी केले. त्या शेतकऱ्याच्या विधवा. त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या दुःखाला एक नाव होते, नाते होते, समाजाने आणि सरकारने मान्य केलेली जागा होती. ती जागाही किती अपुरी असते हे आपण जाणतो. पण ज्याचे दुःख मुळातच अपात्र ठरवलेले आहे, त्याचे काय? या लेखात हा शब्द आम्हांला पुन्हा लागणार आहे.

लिहून देण्याची जुनी अट

विशेष विवाह कायदा हा आपल्या समाजात बदनाम शब्द आहे. घरातून पळून गेलेल्या मुलामुलींचा कायदा, एवढीच त्याची ओळख. त्याचा इतिहास मात्र धर्मस्वातंत्र्याचाच इतिहास आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

या नावाचा पहिला कायदा १८७२ चा. तो ब्राह्मो समाजाच्या मागणीतून आला. त्यानुसार विवाह करायचा तर वधूवरांना जाहीर करावे लागे की, आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही. ज्याला धर्माच्या चौकटीबाहेर विवाह करायचा आहे त्याने आधी ‘मला धर्म नाही’ असे लिहून द्यायचे, असा त्याचा साधा अर्थ. १९२३ मध्ये मध्य प्रांताचे हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली, आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांत विवाह करताना ही घोषणा करण्याची गरज उरली नाही. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू यांच्यासाठी ती राहिली. सर्वांसाठी ती गेली १९५४ च्या कायद्याने. तब्बल ८२ वर्षे या देशातील मुसलमानाला नोंदणी विवाहासाठी आपला दीन नाकारावा लागत होता. मनात कलमा आणि कागदावर नकार, अशी ती कोंडी. १९५४ च्या कायद्याने माणसाला त्याची श्रद्धा परत दिली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता घटनेचे २५ वे कलम वाचा. त्यात धर्म मानणे, आचरणे आणि त्याचा प्रसार करणे हे हक्क आहेतच. पण त्यांच्याही आधी शब्द येतात ते सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचे. हे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ सारखेच आहे. जमातीला, बोर्डाला किंवा परिषदेला काय मिळते ते पुढच्या कलमात येते. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला शब्दांचा क्रम दुर्लक्षिता येत नाही. घटनाकारांनी सदसद्विवेक आधी ठेवला, कारण धर्मावर श्रद्धा बसते ती त्याच ठिकाणी.

२०२३ चा निकाल आणि आपली बाजू

१८ एप्रिल २०२३ पासून पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुप्रियो चक्रवर्ती आणि इतरांच्या याचिकांची सुनावणी झाली. पीठाने सुरुवातीलाच स्पष्ट केले की, धर्मांच्या वैयक्तिक कायद्यांत ते जाणार नाही. प्रश्न विशेष विवाह कायद्यापुरता पाहिला जाईल. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, याबाबत पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता आणि दत्तकाचा हक्क द्यावा की नाही, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह बहुमतात; सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात. पुनर्विलोकनाच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. तेव्हा आजचा कायदा स्पष्ट आहे. बदल करायचा तर तो संसदेने करायचा.

या प्रकरणात विरोध करणाऱ्यांमध्ये जमियत उलेमा-ए-हिंद होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वे कलम वैध ठरवले, तेव्हा अपील करणाऱ्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. त्यांचा मुद्दा समजून न घेता पुढे जाणे समीक्षेच्या प्रामाणिकपणाला धरून होणार नाही. निकाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातला करार आहे. इजाब आणि कबूल, मेहेर, साक्षीदार ही त्याची अंगे. फिकहच्या परंपरागत मतांत याबाबत मतभेद नाही, आणि तो आहे असा आव आम्ही आणणार नाही. एखाद्या काझींनी असा निकाह पढवण्यास नकार दिला तर तो त्यांचा पूर्ण हक्क आहे. उद्या कोणी कायद्याच्या जोरावर त्यांना भाग पाडू लागले, तर त्या काझींच्या बाजूने आम्ही याच वार्षिकात लिहू.

पण याचिका काझींच्या दाराशी गेलीच नव्हती. ती विवाह नोंदणी अधिकाऱ्याच्या टेबलाशी गेली होती. ज्या रजिस्टरवर धर्माची सही लागत नाही, त्या रजिस्टरात कोणाचे नाव लिहावे, यावर धर्माचा हक्क कसा पोचतो? आणि पोचत असेल, तर तो फक्त आपलाच पोचेल काय?

येथे एक गोष्ट विशेष बोचते. या याचिकांपैकी काहींनी ३० दिवसांच्या नोटिशीच्या तरतुदीलाही आव्हान दिले होते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर अर्ज दिल्यावर नोटीस लागते, त्यावर कोणीही हरकत घेऊ शकतो. आंतरधर्मीय जोडप्यांची नावे-पत्ते याच नोटिशीवरून बाहेर जातात आणि पुढे काय होते ते आपण पाहत आलो आहोत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली, तेव्हा आपणच म्हणालो, दोन सज्ञान माणसांच्या लग्नात सरकारने नाक खुपसू नये. अवघ्या चार महिन्यांनी त्याच कायद्याच्या दाराशी दुसरी माणसे उभी राहिली, आणि आपल्या प्रतिष्ठित संघटना म्हणाल्या, यांना आत घेऊ नका. ज्या भिंतीवर आपलीही डोकी आपटतात ती भिंत पाडायला आलेल्यांना आपण परत पाठवले. याला धर्मस्वातंत्र्य म्हणावे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

एक भीती मात्र खोटी नाही. आज विशेष विवाह कायदा, उद्या समान नागरी कायदा, आणि परवा आपले सारेच जाईल, अशी ही भीती आहे. तिच्यामागे अनुभव आहे, म्हणून तिला हसणे बरे नाही. पण २७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात लागू झालेला समान नागरी कायदा पाहा. त्याने मुसलमानांच्या वैयक्तिक कायद्याची जागा घेतली, लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी सक्तीची केली, आणि विवाह मात्र स्त्री-पुरुषांचाच ठेवला. आपल्या घरात शिरणारे सरकार समलिंगी माणसांसाठी दार उघडून बसलेले नाही. दोघांचीही अडचण एकाच वृत्तीतून आली आहे.

रजईखाली कोण होते?

आता साहित्याकडे वळू. उर्दू शिकवणाऱ्याला या विषयावर इस्मत चुगताई यांना टाळून जाता येत नाही. त्यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ मध्ये ‘अदब-ए-लतीफ’मध्ये आली. अश्लीलतेचा खटला लाहोरला चालला, आणि कथेत एकही अश्लील शब्द दाखवता न आल्यामुळे तो टिकला नाही. या कथेची चर्चा नेहमी बेगमजान आणि रब्बो यांच्याभोवती फिरते. रजई हलते, भिंतीवर सावली पडते, लहान मुलगी घाबरते. वाचकाचेही लक्ष तिथेच राहते.

आम्हांला ही कथा नवाबसाहेबांकडून वाचावीशी वाटते. इस्मत आपांनी त्यांचे वर्णन बारकाईने केले आहे. ते हाजी आहेत. त्यांनी गोरगरिबांना हज घडवली आहे. त्यांच्या दाराशी कधी तवायफ दिसलेली नाही. समाजाच्या तराजूत ते पुरेपूर उतरतात, म्हणूनच बेगमजानच्या गरीब आईबापांनी वयाचा फरक न पाहता मुलगी दिली. घरात मात्र नवाबसाहेबांचा सारा जीव नाजूक कमरेच्या तरुण मुलांत. बेगमजानला त्यांनी इतर सामानाबरोबर घरात ठेवून दिले.

त्या निकाहात कायद्याने काय चुकले होते? काहीच नाही. साक्षीदार असतील, मेहेर ठरला असेल, खुतबा झाला असेल. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखले गेले, आणि एक बाई त्या पावित्र्याखाली गाडली गेली. ‘लिहाफ’ समलिंगी संबंधांची कैफियत मांडते, असे म्हणणे अपुरे आहे. ज्याला स्त्री नको आहे त्याला स्त्री देऊन आपण कोणता धर्म पाळतो, हा तिचा प्रश्न आहे. खटला भरणाऱ्यांना रजई दिसली. तो निकाह दिसला नाही.

मराठीत विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. मित्रा ही महाविद्यालयातील तरुणी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, आणि ही गोष्ट आपल्याला बापू हा तिचा मित्र सांगतो. बापू सभ्य आहे, मदत करतो, निरोप पोचवतो. पण तो शेवटी पाहणाराच राहतो, आणि मित्राची गोष्ट मृत्यूने संपते. मराठी समाजाचा चांगुलपणा कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो, याचे हे मोजमाप आहे. आपल्यातले समंजस लोक बहुतेक बापू असतात. आम्हीही आहोत, हे पुढे येईलच.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २००६ मध्ये, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. मध्यमवर्गीय मराठी घरातील तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरी राहायला आलेल्या एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात. कादंबरीचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. तिच्या जाण्याचा बोभाटा होतो, ती परत येते तेव्हा घर रागाने का होईना, तिच्याभोवती गोळा होते. तनयचेही तेच माणूस गेलेले असते, आणि त्याच्या जाण्याचे दुःख करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. कारण त्याचे काही होते हेच कोणाला ठाऊक नाही. एकाच छपराखाली, एकाच माणसासाठी दोन दुःखे. एक पात्र, दुसरे अपात्र.

समलिंगी विवाहाच्या वादात आपण हक्क, संस्कृती, निसर्ग असे मोठे शब्द वापरतो. या कादंबरीने तो वाद एका घराच्या खोलीत आणून ठेवला. आपला माणूस गेल्यावर ‘माझा माणूस गेला’ असे म्हणता यावे, विवाहाची मान्यता म्हणजे प्रथम एवढेच. २०२३ च्या निकालानंतर सरकारने नेमलेल्या समितीच्या अनुषंगाने २०२४ मध्ये काही सूचना निघाल्या. अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका कुटुंबातले धरावे, बँकेत संयुक्त खाते उघडता यावे, एकमेकांना नामनिर्देशित करता यावे, आणि जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा. शेवटची सूचना वाचताना आम्हांला तनय आठवला. सरकारच्या कोरड्या भाषेतही, कोणाचे तरी दुःख पात्र ठरवण्याचा तो प्रयत्न आहे.

बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’सारख्या लेखनाने हा अनुभव थेट आतून मांडला, हेही नोंदले पाहिजे. मात्र या साऱ्या मराठी लेखनात एक जागा रिकामी आहे. त्यात श्रद्धाळू माणूस फारसा नाही. त्यातली पात्रे घराशी, समाजाशी भांडतात. देवाशी त्यांचे काही देणेघेणे असल्याचे क्वचितच दिसते. ज्याला फजरची नमाजही हवी आहे आणि ते माणूसही हवे आहे, तो या पानांवर आलेला नाही. तो आणायचा कोणी? ते काम आपले होते.

आपली रिकामी पाने

हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’पासून आजपर्यंतचे आपले लेखन आठवून पाहावे. तलाक, दंगल, संशय, गरिबी, बुरख्याआडची घुसमट, भाषेचा आणि ओळखीचा पेच, हे सारे आपण लिहिले. काही फार चांगले लिहिले. पण निकाहाच्या आत जी एक शांत फसवणूक चालते, तिच्याविषयी आपण गप्प राहिलो. याचे एक कारण आम्हांला उमजते. आपल्या समाजाकडे आधीच बोटे रोखलेली आहेत. त्यात हे कशाला, असा विचार लेखकाच्या मनात येतो. पण घरचे झाकून ठेवणे ही घराची सेवा नव्हे. दलवाई १९७७ मध्ये गेले आणि इस्मत आपा १९९१ मध्ये. दोघांनीही दफनाऐवजी दहन पसंत केले आणि दोघांच्याही इच्छेप्रमाणे झाले. त्यांचा निर्णय आपल्याला पटो न पटो, शेवटच्या क्षणी माणसाचा सदसद्विवेक त्याचाच असतो, हे मान्य करावे लागते. ही मुभा मेलेल्या लेखकाला द्यायची आणि जिवंत शेजाऱ्याला नाकारायची, हे कसे जमते?

आता आमची स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका घरातील मुलीचा निकाह बाहेरगावच्या मुलाशी झाला. मुलगा पाच वक्तचा नमाजी, चांगल्या नोकरीतला, मवाळ. आठ महिन्यांनी मुलगी माहेरी परतली. माणूस वाईट नाही, एवढेच ती सांगे. त्याला आपण नको होतो, कोणतीच मुलगी नको होती, हे तिने फक्त आईला सांगितले. आईकडून ते बुजुर्गांपर्यंत गेले. दोन्ही घरची मंडळी बसली आणि खुला घ्यायचे ठरले. आमचे अक्षर बरे, आणि बी.एड. झालेल्या माणसाला कागदाची भाषा येते या समजुतीने मसुदा आमच्याकडे आला. कारण काय लिहायचे, यावर सारे थोडा वेळ गप्प होते. मग कोणी तरी म्हणाले, मिजाज जुळत नाही असे लिहा. आम्ही तसे लिहिले. मुलीने सही केली आणि मेहेर सोडला. वर्षाच्या आत त्या मुलाचा दुसरा निकाह झाल्याचे कानावर आले.

त्या बैठकीत कोणी दुष्ट नव्हते. त्या मुलाला कोणी तरी लिहून द्यायला लावले होते की, माझ्या मनात असे काही नाही. मुलीला लिहून द्यायला लावले की, दोष दोघांच्या स्वभावाचा आहे. १८७२ च्या कायद्यात निदान खोटे एकदाच लिहावे लागे. आणि तो मुलगा नोंदणी विवाहाच्या मार्गाने गेला असता तर निकाह बाटला असता, असे आपण समजतो. तो निकाहाच्याच मार्गाने आला, म्हणून दोन मुलींची आयुष्ये पणाला लागली.

नकार कोणी द्यावा, कोठे द्यावा

एक आक्षेप उरतो. मान्यता मिळाली तर आपल्या श्रद्धेविरुद्ध वागण्याची सक्ती होईल काय? अमेरिकेत २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, आणि लगेच केंटकी राज्यातील किम डेव्हिस या क्लार्कबाईंनी धर्माच्या कारणाने परवाने देण्यास नकार दिला. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात राहावे लागले. कोलोरॅडोतील एका बेकरीवाल्याने अशा विवाहासाठी केक करायला नकार दिला. २०१८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला, तो मुख्यतः राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेचा अनादर केला म्हणून. म्हणजे तिथेही प्रश्न मिटलेला नाही.

आमच्या मते फरक खुर्चीत आहे. मिंबरवर बसलेल्याला नकाराचा हक्क आहे, कारण तो धर्माच्या नावाने बोलतो. सरकारी खुर्चीवर बसलेल्याला तो नाही, कारण तो सर्वांच्या नावाने सही करतो. दुकानदाराचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये येतो आणि तो खरोखर अवघड आहे. पण उत्तर देताना आपण जरा सावध असावे. शहरात नोकरीला गेलेला आपला माजी विद्यार्थी फोनवर नाव सांगतो आणि खोली लगेच ‘भाड्याने गेलेली’ असते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व केवळ पारशांपुरते ठेवण्याची मुभा दिली, तेव्हा संघटनेच्या स्वातंत्र्याचा विजय झाला. त्याच तर्काने किती दारे आपल्यासाठी बंद राहू शकतात, हे सांगायला नको. श्रद्धेच्या नावाने नकाराचा हक्क जितका रुंद करू, तितका तो प्रथम अल्पसंख्याकावरच वापरला जाईल.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये इतरांच्या गोष्टींचा तपास काढत फिरण्याला, म्हणजेच तजस्सुसला, स्पष्ट मनाई आहे. आपल्या शाळेच्या दीनियातच्या तासाला मुले ते पाठ करतात. आपण मोठ्यांनी त्याचा अर्थ लावायचा आहे. कोणाचे आचरण योग्य की अयोग्य, यावर उलेमांनी जरूर बोलावे. पण माणसाकडून खोटे लिहून घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. सरकारला नाही, जमातीला नाही, आणि ‘आधी धर्म सोड, मग आम्ही तुझ्याबरोबर’ असे म्हणणाऱ्या पुरोगामी मित्रांनाही नाही.

त्या खुलानाम्याची एक प्रत आजही आमच्या कपाटात आहे. त्यावर लिहायची खरी कथा आम्हांला अद्याप जमलेली नाही. लेख लिहिणे त्या मानाने सोपे असते. या वार्षिकाच्या वाचकांत आमच्याहून चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणी त्या मुलाची आणि त्या दोन मुलींची गोष्ट लिहील, आणि त्यात मुलाची नमाज खोडणार नाही, त्याचे मनही खोडणार नाही, एवढी अपेक्षा व्यक्त करून थांबतो.